झोपलेल्या देवासाठी जागरण

आपला पांडुरंग विटेवर उभा. त्यामुळे काकड्याला उठून त्याच्यापुढे उभं राहायला माझी ना नाही. पण तिरुवनंतपुरमचा पद्मनाभस्वामी शेषावर निवांत पहुडलेला! आषाढीला झोपलेला देव आपल्याकडे कार्तिकीला उठतो तरी. इथे बारा महिने योगनिद्रा. आणि त्याच्या निर्माल्यदर्शनाला मी मात्र पहाटे साडेतीनला रांगेत. सहल विश्रांतीसाठी असते, हा समज आमच्या घरात फक्त माझा आहे.

पुरुषांनी शर्ट काढायचा आणि मुंडू गुंडाळायचा. मुंडू म्हणजे पांढरी लुंगी. तिला ना नाडी, ना कासोटा. सगळी भिस्त कमरेशी खोचलेल्या टोकावर. सौ.नं खबरदारी म्हणून जागोजागी सेफ्टी पिना लावून दिल्या होत्या. रांगेतल्या एका मल्याळी आजोबांना ते पाहवेना. त्यांनी एकेक पीन काढून माझ्या तळहातावर ठेवली, मुंडूची दोन टोकं खेचून पोटावर आवळली, वरची कड दुमडली आणि ‘आता जा’ अशी मान हलवली. रांगेत कारकून कोण, कलेक्टर कोण, काही कळत नव्हतं. वडे कोणी किती खाल्लेत, एवढं मात्र स्वच्छ दिसत होतं.

राजा मार्तंडवर्म्यानं 1750 मध्ये अख्खं त्रावणकोर या देवाच्या पायी वाहिलं आणि पद्मनाभदास म्हणून स्वतः कारभार पाहिला. मालक निजलेला, राबायचं चाकरानं! मी उभा जन्म कचेरीत हेडक्लार्क होतो, मला ही पद्धत लगेच समजली.

मूर्ती 18 फुटी, त्यामुळे दर्शन तीन दारांतून, हप्त्याहप्त्यानं. पहिल्या दारात मुख आणि शिवलिंगावर सोडलेला हात. समईच्या उजेडात ते मुख दिसलं आणि माझी कुरकुर घशातच राहिली. दोन्ही हात जोडावेत, तर मुंडूची धास्ती. म्हणून एक हात कमरेवर. दुसराही ठेवला असता तर पांडुरंगच झालो असतो. मधल्या दारात नाभिकमळ, त्यावर ब्रह्मदेव. तिसऱ्यात चरण दिसतात न दिसतात तोच मागून रेटा आला.

बाहेर टपरीवर चहा आणि गरम पळंपोरी, म्हणजे केळ्याची भजी. दुसरी भजी उचलतोय तोच सहलीचा मॅनेजर हसतमुखानं आला.

“काका, उद्या कन्याकुमारीचा सूर्योदय. तीनला तयार राहा.”