म्हशाच्या जत्रेत घोंगडी कशी विकावी

मुरबाड तालुक्यातल्या म्हशाला पौष पौर्णिमेला खांबलिंगेश्वराची जत्रा भरते. तिची ख्याती बैलबाजारासाठी, आणि घोंगड्यांसाठीही. हातमागावरची घोंगडी विकून श्रीमंत व्हायची ज्यांची इच्छा आहे, त्यांनी आधी दुसरा धंदा बघून ठेवावा. मग पुढच्या सूचना वाचाव्यात.

पाल बैलबाजाराच्या वाटेवर टाकावं, पण तोंड बाजारातून परतणाऱ्यांकडे. बैल घ्यायला निघालेला माणूस खिशावर हात दाबून चालतो. विकून आलेला दिलदार असतो, निदान घर येईपर्यंत. दुकान भल्या पहाटे, दव असतानाच मांडावं. माळशेज उतरून माल आणता येतो, थंडी आणता येत नाही. ऊन चढलं की घोंगड्याकडे कुत्रंही फिरकत नाही.

आता परीक्षा. गिऱ्हाईक कडेचा धागा उपटून त्याला काडी लावतं. केस जळल्याचा वास आला तर लोकर, वितळून गोळी झाली तर नकली. हा प्रयोग प्रत्येकाला स्वतः करायचा असतो, सख्ख्या भावाच्या नाकावरही त्याचा विश्वास नसतो. म्हणून एक घोंगडं परीक्षेसाठीच वेगळं काढावं. संध्याकाळपर्यंत त्याच्या दशा उरत नाहीत. शेजारच्या पालातल्या यंत्रावरच्या ब्लँकेटला मात्र कोणी काडी लावत नाही. त्यावर वाघाचं चित्र असतं ना!

"टोचतंय की हो," असं म्हटलं जाईलच. "पाव्हणं, चिंचोक्याची खळ हाय, वापरून मऊ पडंल," असं सांगावं. "कधी?" या प्रश्नाला नातवापर्यंतची मुदत द्यावी.

एखादा काका लांबी बघायला घोंगडं अंथरून आडवा होतो आणि तिथंच घोरू लागतो. त्याला उठवू नये. इतकी चांगली जाहिरात फुकट मिळत नाही. भाव मात्र त्याच्याशी करायचाच नाही. तो मागे उभ्या असलेल्या, नाक मुरडणाऱ्या काकूंशी करावा. त्या दोनदा निघून जातील. तिसऱ्यांदा निघाल्या तर मात्र हाक मारावी.

कल्याण-डोंबिवलीची मंडळी सोफ्यावर शोभेल का विचारतात, फोटो काढतात, आणि मेंढीचा वास येतो म्हणतात. वास मेंढीचाच आहे, हे नम्रपणे कबूल करावं. गर्दीत मोबाइलला रेंज राहीलच असं नाही. क्यूआर कोड टांगावा, पण सुटे पैसे कनवटीला ठेवावेत.

शेवटी जागेची पावती फाडणारा येतो. तोही घोंगडं चाचपून "आम्हाला कितीला देणार?" विचारतो. त्याला भाव सांगताना पावतीची रक्कम आधीच चढवून ठेवावी.