डांबराला म्हातारपण परवडतं का?

डांबर म्हातारं होतं. थट्टा नव्हे, शास्त्र आहे. हवेतला ऑक्सिजन लागतो, हलकी तेलं उडून जातात, डांबर कडक आणि ठिसूळ होतं, मग तडे. नीट बांधलेल्या रस्त्यावर याला बरीच वर्षं लागतात.

बदलापूरच्या गल्लीत तेवढं थांबायला वेळ कुणाला आहे?

प्रयोगशाळेत हे वय मुद्दाम वाढवतात. आधी 163 अंशांवर 85 मिनिटं डांबर फिरवायचं, मग 100 अंशांच्या आसपास दाबाखाली 20 तास ठेवायचं. रस्त्यावरची 5 ते 10 वर्षं उरकली!

उल्हासनगरच्या कॅम्पांत एवढी यंत्रं कशाला? एक जुलै पुरतो.

खरी गंमत पुढेच. डांबर सगळ्यात झपाट्याने म्हातारं होतं ते रस्त्यावर पडण्याआधी. प्लांटमध्ये दीडशेहून जास्त अंशांवर तापून खडीवर त्याचा पातळ थर चढतो, तेव्हा. तिथे कुणी जरा जास्तच जाळ लावला, तर माल जन्मतःच पेन्शनर.

मग डंपर निघतो. नियमाप्रमाणे माल साधारण 140 अंशांच्या वर असताना पसरायचा आणि 90 च्या खाली जायच्या आत रोलर आटपायचा. शहाडच्या पुलावर डंपर अडकला, की नियमही मागच्या रिक्षात.

गार मालावर रोलर फिरवा, वरून रस्ता झकास दिसतो. फोटोही छान येतो. आत पोकळी राहते. ती 7-8 टक्क्यांच्या वर गेली, की हवा आत, पाणी आत. हवा डांबराला ठिसूळ करते, पाणी ते खडीवरून सोडवतं.

दोष कुणाचा? पावसाचा. दरवर्षी त्याचंच नाव. तो टेंडर भरत नाही ना.

एवढ्यातूनही रस्ता तगलाच, तर केबलवाले आहेत, पाण्याची लाइन आहे. थर निवतो न निवतो तोच चर. चर बुजवतात मातीने, वर ठिगळ. पहिलं पाणी मुरतं ते ठिगळाच्या सांध्यातून.

अंबरनाथचं शिवमंदिर 1060 सालचं. त्याला दोषदायित्व कालावधी, म्हणजे काम बिघडलं तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, नव्हता. आपल्या रस्त्याला असतो. तो कधी संपतो, हे खड्ड्यांना बरोबर ठाऊक असतं.

आता सगळ्यावर उतारा काँक्रीटचा. त्याला डांबराचं हे दुखणं नाही, मान्य. चर खणायला ब्रेकर लागतो, एवढंच.

ब्रेकर भाड्याने मिळतो.