गाडीतल्या पाण्यास अनावृत पत्र

श्रीयुत पाणीसाहेब,
मुक्काम : ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढचे मॅटिंग

सा. न. वि. वि.

वाशीम जिल्ह्यात आपण चार दिवस टिकावे म्हणून सरकारने काय नाही केले! 'पाणी अडवा, पाणी जिरवा' झाले, २०१४ साली जलयुक्त शिवार आले, नाले खोल झाले. उन्हाळ्यात एकबुर्जी धरणात आपण किती उरलात याची चर्चा चहाच्या टपरीवर रंगते. आणि आपण जिरलात कुठे, तर माझ्या गाडीत, मॅटिंगखालच्या फोममध्ये! वरून सगळे कोरडे. टाच दाबली की फस्सकन वर.

मिस्त्रीने दाराकडे एकदा पाहिले, म्हणाला, "रबर गेलं." चारही दारांची रबरे बदलली. आपण ढिम्म.

मग मी नव्या रबरांना तोंडाची पावडर फासली आणि टॉर्च घेऊन आत बसलो. बायकोने बाहेरून पाइप धरला. पाणी खालून वर मारत जायचे असते. आधीच टपावर सोडले तर चारी बाजूंनी ओघळते आणि चोर निसटतो. पावडरीवर एक ओघळ उमटला नाही. वायपरखालच्या जाळीतून मात्र दारच्या कडुनिंबाचा पाला निघाला, पसाभर. गाळमुक्त धरण ते हेच, म्हणत तो उपसला आणि मॅटिंग उन्हात टाकले.

तीन दिवस पाऊस नाही. चौथ्या दिवशी एसी लावून कारंज्याला जाऊन आलो, सगळा रस्ता कोरडा, आणि आपण पुन्हा हजर! बोट बुडवून पाहिले. चिकटपणा नाही, गोडसर वास नाही. म्हणजे कुलंट नव्हे. तेव्हा कुठे ट्यूब पेटली. आपण ढगातले नव्हतातच. एसीच्या थंड कॉइलवर हवेतली वाफ जमते, तेच आपण. एका नळीवाटे आपण गाडीखाली ठिबकायचे असते. एवढा एसी लावूनही गाडीखाली कधी ओल दिसत नव्हती, आणि मी मूर्ख, ते चांगल्या गाडीचे लक्षण समजत होतो!

नळी करंगळीएवढी. हलकी हवा मारली, तसा धुळीचा काळा गोळा सुटला आणि मागोमाग आपण, लोटाभर.

आता एसी लावला की आपण शिस्तीत गाडीखाली ठिबकता. कालच शेजारी फाटकातून ओरडले, "भाऊ, गाडी गयते ना तुमची! दाखवा एखाद्या मिस्त्रीले."

कळावे, लोभ आटावा.

आपला,
चार नव्या रबरांचा धनी