मूळचे कुठले?

१८६६ साली समुद्रात काहीतरी अजस्र फिरतंय अशी आवई उठते. पुढे ‘स्कॉशिया’ नावाच्या आगबोटीला भोक पडतं. भोक तरी कसलं? भूमितीच्या पेपरातला समद्विभुज त्रिकोण! कडा कशा, अगदी साफ. ‘ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर द सी’ ही ज्यूल व्हर्नची कादंबरी १८६९-७० मध्ये एका फ्रेंच पाक्षिकात क्रमशः येत होती. असा त्रिकोण दाखवल्यावर वाचक पंधरा दिवस तळमळणार नाही तर काय!

खरी गंमत पुढे आहे. तो राक्षस म्हणजे पाणबुडी, हे गुपित व्हर्न लवकरच फोडून टाकतो. तरी कथा ढिली पडत नाही, कारण आता गुपित कॅप्टनच्या खुर्चीत येऊन बसलेलं असतं. जमिनीवरच्या रहस्यकथेत संशयित रातोरात एसटीने पसार होतो. इथे कोण कुठे जाणार? कॅप्टन नीमो पाहुण्यांना सांगतो : जेवा, ग्रंथालयात बारा हजार पुस्तकं आहेत ती वाचा, फक्त उतरायचं नाव काढू नका.

आणि त्या पाहुण्यांपैकी प्रोफेसर ॲरोनॅक्स सुमारे सात महिने बोटीवर राहूनही यजमान मूळचे कुठले, हे काढू शकत नाहीत! आपल्या माणसाने कल्याण-कर्जतच्या दरम्यान गाव, आडनाव आणि थोरल्या मुलीचं कुठे जमतंय का, सगळं काढलं असतं.

दोष प्रोफेसरांचा नाही. व्हर्नच्या मनात नीमो रशियावर सूड उगवणारा पोलिश होता. पण पुस्तकं रशियातही खपायची, म्हणून प्रकाशक हेत्झेलने ते हाणून पाडलं. म्हणजे साहित्यातलं एक थोर गूढ चक्क खपाच्या काळजीतून जन्मलं.

उत्तर मिळालं ‘द मिस्टीरियस आयलंड’मध्ये, तीही १८७४-७५ ची क्रमशः कादंबरीच. मरणोन्मुख नीमो निघाला बुंदेलखंडचा राजपुत्र डाक्कर, सत्तावनच्या बंडातला! हिशेब मात्र गडबडला. प्रोफेसर १८६८ च्या जूनमध्ये निसटतात, नीमो त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात जातो आणि मध्ये म्हणे सोळा वर्षं लोटली. आधीचे अंक छापून वाचकांच्या घरी गेलेले, खोडणार कुठे? एवढी वाट पाहून उत्तर मिळाल्यावर पंचांग कोण उघडतो? मीही उघडत नाही. माझी अडचण वेगळीच आहे. व्हर्न त्याला टिपू सुलतानाचा भाचाही म्हणतो. आता बुंदेलखंडची सोयरीक थेट श्रीरंगपट्टणला जुळवली कुणी?