दाराची आतली बाजू

गाडीचं दार आतून कसं दिसावं, हा प्रश्न वाशी तालुक्यात माझ्याआधी कुणाला पडला असेल असं वाटत नाही. इथले प्रश्न ठरलेले आहेत. पाऊस कधी, सोयाबीनला भाव किती, लाईट आली का. आणि मी मात्र 1983 च्या प्रीमियर पद्मिनीच्या दारांना डाळिंबी रेग्झिन शोभेल की चॉकलेटी, या विवंचनेत रात्रभर कूस बदलतोय.

तिला मी 'क्लासिक कार' म्हणतो. असं म्हणणारा गावात मी एकटाच. वडीलधारी मंडळी 'फियाट' म्हणतात, पोरं 'टॅक्सी' म्हणतात. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. तिची वीस वर्षांची मुदत भरली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईचा रस्ता पद्मिनी टॅक्सीविना झाला. ती बातमी टीव्हीवर लागली त्या दिवशी माझ्याकडं माणसं भेटायला आली. "कळलं आम्हाला," असं म्हणून ओट्यावर गप्प बसली. एकानं तर बॉनेटवर हात ठेवला आणि विचारलं, "सर, वय काय होतं?"

सरकारही माझ्या बाजूचं नाही. 2021 च्या नियमाप्रमाणं 'विंटेज' म्हणून नोंद व्हायला गाडीची पन्नाशी उलटलेली लागते आणि चासी, बॉडी, इंजिन यांत मोठी ढवळाढवळ झालेली चालत नाही. आमचीची जेमतेम चाळिशी उलटलीय. पण तो नियम मी वकिलाच्या बारकाईनं वाचलाय. दाराच्या आतल्या पॅनेलबद्दल त्यात अवाक्षर नाही. तेव्हा हौस करायची तर तिथंच, असं मी ठरवलं आणि कुशनवाल्या मामूंकडं गेलो.

मामूंचं काम म्हणजे ट्रॅक्टरच्या सीटा, बुलेटच्या सीटा, काळीपिवळी जीपचे हूड. त्यांच्याकडं येणाऱ्या माणसाला 'टिकलं पाहिजे' एवढंच हवं असतं. मी त्यांना मोबाईलवर इटलीतल्या कुठल्याशा गाडीचा फोटो दाखवला. दारावर मऊ गादी, तिच्यावर तिरक्या शिलाईचे डायमंड, कडेला दुसऱ्या रंगाची पायपिंग. मामूंनी फोटो मोठा केला, लहान केला, चष्मा कपाळावर ढकलला.

"सर, ह्याच्यावर बसणार कोण?"

"दारावर? कुणी नाही."

"मग फोम कशाला?"

याला उत्तर नव्हतं. मी 'फील', 'लुक', 'प्रीमियम' असे शब्द वापरून पाहिले. मामू म्हणाले, "असले डायमंड ट्रॅव्हल्सच्या स्लीपरमधी असत्यात." मी दुखावलो. पण त्यांनी काम घेतलं. तोवर उन्हाळा लागला होता, आणि उन्हाळ्यात ट्रॅक्टरवाले शेताची मशागत सोडून सीट शिवायला येत नाहीत.

जुनं पॅनेल काढणं हा एक सोहळाच असतो. काच वर-खाली करायच्या हँडलमागं तारेची एक बारीक क्लिप लपलेली असते. ती स्क्रू-ड्रायव्हरनं काढायला गेलं तर रेग्झिन फाटतं. मामूंनी फडक्याची एक लांब चिंधी घेतली, हँडलमागं सरकवली आणि बुटाला पॉलिश मारतात तशी दोन्ही हातांनी मागं-पुढं ओढली. 'टिक' असा आवाज झाला, क्लिप उडाली आणि मामूंनी ती हवेतच पकडली. मी आजवर बघितलेल्या क्रिकेटमध्ये इतका सहज झेल बघितलेला नाही.

पॅनेल निघालं तर खाली आणखी एक पॅनेल! म्हणजे हार्डबोर्ड एकच, पण रेग्झिनवर रेग्झिन चढवलेलं. वर राखाडी, त्याखाली निळं, त्याखाली बिस्किटी आणि सगळ्यात तळाशी कारखान्याचं दाबून उठवलेल्या रेघांचं मूळ काम. माझ्याआधीच्या प्रत्येक मालकाला आपापल्या काळात ही हौस येऊन गेली होती. तालुक्यात मीच पहिला, ही समजूत तिथंच निकालात निघाली. दाराच्या पोटात बोटभर काळी माती साचली होती आणि तीत ज्वारीची पात होती. मामूंनी सायकलची तार घेऊन दाराच्या तळाची भोकं मोकळी केली. काचेच्या फटीतून पावसाचं पाणी दारात उतरणारच. ते या भोकांतून खाली जावं, अशी ती मूळ सोय. भोकं बुजली की पाणी पॅनेलमध्ये मुरतं, हार्डबोर्ड फुगतो, खालची कड पोळीसारखी सुटते. गाडीवाले मग रेग्झिनला शिव्या देतात.

तर हँडल. एक हँडल तुटकं निघालं आणि मला अस्सलच हवं होतं. अस्सल म्हणजे कुर्ल्याचं. इथं थोडं वालचंद हिराचंद यांच्याविषयी सांगायला हवं. घरातली माणसं आता उठून जातात, पण वाचकांना उठता येत नाही.

वालचंद आमच्याच बाजूचे. जन्म 1882, सोलापूर. या माणसानं रेल्वेचे बोगदे खणले, 1919 मध्ये सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन उभी करून 'लॉयल्टी' नावाचं जहाज मुंबईहून थेट लंडनला धाडलं, 1940 मध्ये बंगळुरूला विमानांचा कारखाना काढला, 1941 मध्ये विशाखापट्टणमला जहाजबांधणी सुरू केली. पाण्यात झालं, आकाशात झालं. राहिली होती ती जमीन. तर 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि कुर्ल्याला कारखाना घातला. आधी अमेरिकेच्या क्रायस्लरशी करार, म्हणून डॉज, प्लिमथ आणि फार्गोचे ट्रक. मग इटलीतल्या फियाटशी सोयरीक. डुक्कर फियाट तुम्हाला आठवत असेल. 1964 मध्ये 1100 डिलाइट आली, आणि तीच 1974 मध्ये चितोडच्या राणीचं नाव घेऊन पद्मिनी झाली. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगला हाताचा गिअर, आणि नंबर लावला की वर्षानुवर्षं वाट. ही पद्मिनी बघायला वालचंद नव्हते, ते 1953 मध्येच गेले. तरी हिशेब करा: माणूस सोलापूरचा, गाडी त्याच्या कारखान्यातली, म्हणजे पद्मिनी ही सोलापूरची लेक. सोलापूर आम्हाला लागून, म्हणजे ती आमचीही. मी तिला बाहेरून आणलेली नाही, माहेरी आणलीय. हे मी एका लग्नात पंगतीला बसलो असताना सांगितलं, तर वाढपी जिलेबी न वाढता पुढं गेला.

त्यातही गंमत अशी, की कुर्ल्याला जशी ही गाडी जन्मली, तसा तिचा बाजारही कुर्ल्यालाच उठला. सीएसटी रोडच्या बाजूला मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात. हँडल तिथूनच निघालं आणि कुरियरनं वाशीला आलं. म्हणजे नवी मुंबईच्या वाशीला. ते नेहमीचंच आहे. तिथं सिडको आहे, मार्केट यार्ड आहे, 1992 पासून लोकल आहे, आणि इथं आम्ही आहोत. नाव आमचं जुनं आणि पार्सलं त्यांना. तिथल्या कुण्या गृहस्थाचा फोन आला, "तुमचं काहीतरी लोखंडी आलंय, आमच्या खिडकीला बसत नाही." त्यांनी ते बसवून पाहिलं होतं!

मामूंनी तोवर चारही दारांचे कागद कापले होते. जुन्या पॅनेलवर वर्तमानपत्र ठेवायचं, कडा बोटानं दाबत न्यायच्या, भोकांवर अंगठा फिरवला की कागदावर गोल वण उठतो. मग नवा हार्डबोर्ड, त्यावर फोम (माझ्या हट्टाखातर), त्यावर शिवलेलं रेग्झिन. सोल्युशन दोन्ही बाजूंना लावायचं आणि थांबायचं. बोट टेकवलं तर बोटाला चिकटत नाही, पण बोट सोडवतही नाही, त्या घटकेला दोन्ही जोडायचं. "लई घाई केली की फुगा येतोय," मामू म्हणाले. मेच्या उन्हात ती घटका डोळ्याचं पातं लवेपर्यंत निघून जाते.

पॅनेलच्या मागं, लोखंडाला लागून, पाणी अडवायला प्लास्टिक लागतं. मी त्याचं इंग्रजी नाव पाठ करून गेलो होतो. मामूंनी माळ्यावरून काळ्या जाड कागदाची वळकटी काढली. शेततळ्याचा कागद. मामूंच्या मेव्हण्यानं शेततळं खणलं, अस्तरासाठी हा आणला, नंतर पाऊसच झाला नाही. पुढच्या सालीही नाही. कागद उन्हानं तडकायला लागला तेव्हा उचलून आणला. आता मेव्हणा पुण्याला कुणाच्या तरी सोसायटीत वॉचमन आहे. "तिथं पोहायचा तलाव हाय म्हणं," एवढं बोलून मामूंनी कात्री चालवली. चार एकरांचं पाणी धरायला आणलेला कागद माझ्या दारात पाणी येऊ नये म्हणून कापला जात होता. डायमंडची तिरकी ओळ सरळ आहे का, हे विचारायला मी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. थोड्या वेळानं विचारलंच, ते सोडा.

पॅनेलं बसली. डाळिंबी रंग, पांढरा दोरा, काळी पायपिंग. आणि मग लक्षात आलं, की दार लावलं की यातलं काहीच दिसत नाही. लाख रुपयांची पैठणी नेसून वर घोंगडं पांघरावं, तसला प्रकार. म्हणून मी गाडी बाजारात लावताना ड्रायव्हरकडचं दार सताड उघडं ठेवून समोरच्या हॉटेलात चहाला बसू लागलो. पण वाशीची माणसं फार भली. येणारा-जाणारा प्रत्येक जण थबकायचा, आत न बघता दार लावायचा आणि हॉटेलकडं तोंड करून ओरडायचा, "सर, दार उघडं राहिलं होतं, लावलंय!" मी हात जोडायचो. मग जाऊन पुन्हा उघडायचो. असं होता होता आतला दिवा जळत राहून बॅटरी उतरली, आणि ज्यांनी दार लावलं होतं त्यांनीच धक्का मारून गाडी चालू करून दिली. धक्का मारतानाही कुणी आत बघितलं नाही.

आईला घेऊन बार्शीला जायचं होतं. वाशीची दुखणी बार्शीला जातात, तशी रीतच आहे. आईचे गुडघे. ती मागं डाव्या बाजूला बसली, डायमंडवरून हात फिरवला. मी आरशातून बघत होतो.

"मऊ हाय," आई म्हणाली. "पण धरायचं कशाला?"

आजवर ती काचेचं हँडल धरून बसायची. खड्डा आला की हँडल थोडं फिरायचं, काच दोन बोटं खाली जायची आणि ती गुपचूप वर करून घ्यायची. उतरताना तर त्याच हँडलवर सगळा भार टाकून उठायची. तुटकं निघालेलं हँडल तिच्याच बाजूचं होतं, हे माझ्या त्या वेळी ध्यानात आलं. मी गाडी चालवतो तेव्हा माझी नजर रस्त्यावर असते. बार्शीपर्यंत आणि बार्शीपासून त्या पॅनेलकडं तोंड करून बसणारं माणूस एकच. आणि रंगाबद्दल मी मित्रांना विचारलं, मामूंना विचारलं, कुर्ल्याच्या दुकानदारालाही विचारलं. नव्या मुंबईतल्या त्या गृहस्थांनीसुद्धा फोनवर मत दिलं होतं.

परत आल्यावर मामूंना सांगितलं. त्यांनी ट्रकचा माल आवळायचा नायलॉनचा पट्टा दुहेरी करून शिवला, चौकटीच्या लोखंडात स्क्रू मारले आणि स्वतः लोंबकळून दाखवलं. डायमंडच्या दोन ओळी त्याखाली झाकल्या गेल्या. पैसे घेईनात. "पट्ट्याचं काय घ्यायचं, सर. फोमचं घेतलंय की."

आता लोक गाडीचं दार आपण होऊन उघडतात. डायमंडबद्दल अजून कुणी बोललेलं नाही. पट्टा ओढून बघतात, रुंदी बोटांनी मोजतात. काळीपिवळीवाल्यांनी तो आपल्या जीपला मारून घेतलाय, कारण म्हाताऱ्या माणसांना चढायला सोपं जातं. एका ट्रॅक्टरवाल्यानंही नेला, कशासाठी ते त्यालाच ठाऊक. मामू प्रत्येकाला सांगतात, "हा सरांच्या डिझाइनचा पट्टा हाय."

मी ते खोडून काढलेलं नाही. उलट कुणी रुंदी विचारली तर दीड इंच का घेतली, त्यामागचा विचारही सांगतो.