वन बीएचके नटवण्याची शास्त्रोक्त पद्धत

सजावटीला हात घालण्यापूर्वी घर टेपने मोजावे. माहितीपुस्तिकेतले चौरस फूट नातेवाइकांना सांगण्यासाठी असतात, त्यांत सोफा मावत नाही. ‘रेरा’ कायद्याने चटईक्षेत्राची व्याख्या पक्की केली, तेव्हा बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी त्यातून वगळली. आतल्या भिंती मात्र ठेवल्या. म्हणजे हॉल आणि बेडरूमच्या मधल्या विटांचेही पैसे आपण चटईच्या भावाने भरलेले आहेत. त्या भिंतीकडून वसुली करणे हे गृहसजावटीचे पहिले कर्तव्य.

वसुलीच्या आधुनिक प्रकाराला ‘ॲक्सेंट वॉल’ म्हणतात. एकच भिंत गडद रंगवायची, बाकीच्या फिक्या ठेवायच्या. हॉलच्या चार भिंतींपैकी एकीत दार, दुसरीत खिडकी आणि तिसरीवर टीव्ही असल्यामुळे निवड सोपी जाते: एमसीबीचा डबा असेल ती. शेड कार्डावर रंगाला ‘शरदातली सांजवेळ’ असले काही नाव असेल. रंगाऱ्याला ‘डार्क चॉकलेटी’ सांगावे.

त्या भिंतीवर वारली चित्र हवेच. डहाणू-पालघरकडे लग्नघरात बायका गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने लग्नाचा चौक लिहितात. त्यात पालघाट देवी असते. जिव्या सोमा म्हसे यांनी ही कला लग्नाच्या भिंतीवरून कागदावर नेली, जगभर पोचवली आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण ती स्टिकरच्या रूपाने कागदावरून परत भिंतीवर आणतो, चपलांच्या रॅकच्या बरोब्बर वर. देवीचा चौक तिथे लावू नये, तेवढी लाज ठेवावी. तारप्याभोवतीचा नाच चालेल. नाचणाऱ्यांची रांग स्विचबोर्डापाशी तुटते, ती पलीकडून पुन्हा सुरू करावी. पाहुणे बोर्डाला डोंगर समजतात.

मग छत. राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या खोलीची उंची निदान २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट सांगितली आहे. त्यातला अर्धा फूट पीओपीला अर्पण करावा आणि आत तीन रंगांचे दिवे सोडावेत. पांढरा वाचनासाठी, पिवळा पाहुण्यांसाठी. निळा कशासाठी असतो हे कळलेले घर माझ्या पाहण्यात नाही. पंखा त्याच मानाने खाली येतो, तेव्हा स्वेटर काढताना हात वर करायची सवय असलेल्यांनी बेडरूममध्ये जावे. सुदैवाने मुंबईत स्वेटरची वेळ क्वचित येते.

आता मुख्य विधी: पुरातन वस्तूंची प्रतिष्ठापना. तिची पहिली अट म्हणजे घरात पुरातन काही शिल्लक नसणे. आजीचा तांब्याचा बंब, घंगाळ, पितळी समया, फिरकीचा तांब्या हे सगळे आधी मोडीत घालून स्टीलचे डबे आणलेले असावेत. ज्यांनी हे केले नसेल त्यांचे घर फक्त जुने दिसेल, सजवलेले दिसणार नाही. ज्यांनी केले असेल त्यांनी मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटला किंवा पुण्यात बुधवार-रविवार गाठून जुन्या बाजारात जावे आणि तीच भांडी परत घ्यावीत. मोडीत देताना तांबे किलोवर जाते. घेताना त्याचा ‘पीस’ झालेला असतो. या दोन भावांतला फरक म्हणजे सौंदर्यदृष्टी. दुकानदाराशी घासाघीस करताना ‘आमच्याकडे असाच होता’ असे चुकूनही म्हणू नये. भाव लगेच वाढतो, कारण गिऱ्हाइकाचा जीव कुठे अडकलाय ते त्याला कळते.

आणलेल्या बंबात पाणी तापवायचे नसते. मधल्या ज्या नळीत शेण्या आणि नारळाची सोडणे जळायची, तिथे एलईडीची माळ सोडावी. तोटीला मनीप्लांट गुंडाळावा. घंगाळात पाणी भरून झेंडूच्या पाकळ्या तरंगवाव्यात, पण डेंग्यूचा एडिस डास नेमक्या अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत त्याची पुढची पिढी उडू लागते. म्हणून आठवड्यातून एकदा घंगाळ रिकामे करून घासावे. चिंचेने घासले की तांबे लखलखते, चार दिवसांनी पुन्हा काळवंडते, पुन्हा घासावे. आजीने बंब मोडीत का काढला, याचा खुलासा साधारण तिसऱ्या खेपेस होतो.

पाट भिंतीवर लावावा. त्यावर बसून उठू शकणारे गुडघे तसेही घरात उरलेले नसतात. जाते मात्र आणू नये. लिफ्टवाला हसतो.

एवढे झाल्यावर ‘स्पेस सेव्हिंग’ फर्निचरकडे वळावे. हे शास्त्र परदेशातून आल्याचे सांगतात, पण त्याचे आचार्य वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडीच्या बीडीडी चाळींत होऊन गेले. १९२०च्या दशकातल्या या चाळींत खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात माळा, माळ्यावर अभ्यास करणारा मुलगा, कॉटवर एक पिढी, कॉटखाली दुसरी आणि पडद्याआड मोरी, अशी मांडणी त्यांनी डिझायनरला एक पैसा न देता बसवली. वरळीच्या पुनर्विकासात २०२५ च्या ऑगस्टमध्ये पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या मिळाल्या. ही घरे ५०० चौरस फुटांची. आता उरलेल्या ३४० फुटांचे काय करायचे, हा प्रश्न गंभीर आहे. डिझायनर म्हणतात, थोडी जागा मोकळी सोडा, नजरेला विसावा मिळतो. जरूर सोडावी. पहिल्या आठवड्यात तिथे घरघंटी येते, दुसऱ्यात व्यायामाची सायकल, आणि पावसाळा लागला की सायकलवर टॉवेल.

राहता राहिला बॉक्स बेड. हल्ली तो हायड्रॉलिक मिळतो, गादी एका हाताने उचलता येते. आत रजया, लग्नात आलेले डिनर सेट, मुलांची जुनी पुस्तके, माहेरची पैठणी आणि सर्वांत तळाशी गणपतीचे मखर ठेवावे. थर्माकोलवर राज्यात २०१८ साली बंदी आल्यापासून मखर पुठ्ठ्याचे, घडीचे असते, त्यामुळे ते तळाशीच जाते. हायड्रॉलिक यंत्रणा गादी उचलते, गादीवरचा माणूस उचलत नाही. चतुर्थीच्या आदल्या रात्री गावाहून आलेले काका त्याच बेडवर घोरत असतात. त्यांना प्रेमाने उठवावे, ‘काका, जरा मदत हवी होती’ म्हणावे आणि मखर बाहेर निघेपर्यंत घंगाळ घासायला बसवावे.