साडेबावीस क्विंटलची घंटा

मुरुडचा आहे म्हटलं की समोरचा लगेच जंजिऱ्याच्या होड्या कितीला सुटतात ते विचारतो. ते मुरुड वेगळं. आमचं लातूर-बार्शी रस्त्यावरचं. समुद्राचं सोडाच, २०१६च्या उन्हाळ्यात लातूर शहराला प्यायचं पाणीसुद्धा मिरजेहून रेल्वेनं आलं होतं. अशा मुलखातली भावकी गोव्याला निघाली की समुद्र बघून वेडी होईल असं कुणालाही वाटेल. ती अडकली पणजीच्या चर्चपाशी.

हे चर्च इमॅक्युलेट कन्सेप्शनचं, म्हणजे निष्कलंक मारियेचं. मूळचं १५४१चं, आताची इमारत १६१९ची. समोरचा नागमोडी पांढरा जिना सिनेमांमुळे सगळ्यांना पाठ असतो. बहुतेक पर्यटक खालच्या पायरीवर हात पसरून फोटो काढतात आणि चर्च बघितलं म्हणून निघून जातात. आमच्या आत्यानं पहिल्याच पायरीपाशी चपला काढल्या. बाराचं ऊन होतं. उरलेला जिना ती ज्या वेगानं चढली, तो बघून तिच्या गुडघ्याच्या डॉक्टरानं फी परत दिली असती.

दाराशी पवित्र पाण्याचं छोटं भांडं. लोक त्यात बोटाचं टोक बुडवून आत जात होते. आत्या कळवळली. "बगा, पाऊस एवढा पडतो म्हणतेत आन् पाणी किती जपून वापरायलेत!"

आत शिरताच तात्यांनी आधी भिंतीला हात लावला. देव नंतर. किल्लारीचा भूकंप झाल्यापासून आमच्याकडचा माणूस जाड भिंत दिसली की खूश होत नाही, दचकतो. १९९३ साली माणसं दबली ती अशाच रुंद, दगड-मातीच्या भिंतींखाली, माळवदाखाली. तात्यांनी कोपरा चाचपला, नख लावून बघितलं आणि निकाल दिला, "चुन्यातली हाय. बसा निवांत." तेव्हा कुठं आम्ही बाकांवर टेकलो. गाईडनं सांगितलेल्या सगळ्या सनावळीपेक्षा मला हे परीक्षण जास्त भरवशाचं वाटलं.

बाकं तात्यांना फार आवडली. सप्त्यात कीर्तनाला अशी असती तर बुवा दोन तास बोलले तरी हरकत नव्हती, असं त्यांचं मत पडलं. मग पायाशी आडवी फळी दिसली. ती गुडघे टेकायला असते हे कळल्यावर त्यांचा उत्साह जरा उतरला. म्हातारपणात गुडघ्यांना कुठलाच धर्म सोडत नाही, एवढंच पुटपुटले. त्यांना बरं वाटावं म्हणून मी फादर स्टीफन्सची गोष्ट काढली. हा मूळचा इंग्रज जेझुइट, गोव्यात आला, मराठी शिकला आणि त्यानं ख्रिस्तपुराण लिहिलं. १६१६ साली राशोलला छापलं. आणि तेही ओवीत! तात्या सावरून बसले. "मग पारायण कधी असतंय?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. अशा पाहुण्यांबरोबर फार वाचून जाण्यात अर्थ नसतो.

घंटेनं मात्र त्यांना पुरतं जिंकलं. ती इथली नव्हेच. जुन्या गोव्यातल्या ऑगस्टिनियन मठाची, तो मठ ओस पडला, मग ही आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ साली इथं येऊन टांगली गेली. "म्हणजे सेकंड हँड," तात्या म्हणाले. वजन सव्वादोन टन आहे म्हटल्यावर मनातल्या मनात हिशेब झाला. साडेबावीस क्विंटल. छोटा हत्ती टेम्पोच्या तीन खेपा सोयाबीन. हे एवढं धूड वर चढवलं कसं आणि हमाली किती झाली, यावर ते बराच वेळ गाईडशी बोलत राहिले.

तोवर आत्यानं एका स्थानिक बाईंना गाठून विचारलं, "मायला तेल कुठं वाहायचं?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र जराही हसल्या नाहीत. म्हणाल्या, तेल म्हापशाला, मिलाग्रीस सायबिणीला. तिथल्या फेस्ताला हिंदूसुद्धा तेल घेऊन येतात. शिरगावची लईराई तिची बहीण. सातजणी बहिणी त्या.

"साती आसराच की वो!" आत्याला माहेरचं कुणी भेटल्यासारखा आनंद झाला.

दुपारचा बेत बागा बीचचा होता. मोठ्यांनी गाडीतच मतं घेतली आणि बीच पडला. पुढच्या चौकात तेलाची बाटली आणि मेणबत्त्या घेतल्या. बीचसाठी मुद्दाम आणलेल्या फुलाफुलांच्या अर्ध्या चड्ड्या घालून पोरं मागच्या सीटवर बसली होती. बाटली सांडू नये म्हणून ती त्यांच्याकडे धरायला दिली.